मुठीतली ऊब आणि बॅटरीचा ताळेबंद

वऱ्हाड म्हटले की परगावच्या माणसाला उन्हाळाच आठवतो. अकोल्याचा पारा पंचेचाळिशीपलीकडे गेल्याच्या बातम्या दरवर्षी छापून येतात. पौषातल्या पहाटेची बातमी मात्र क्वचितच होते. डाळीच्या वा सरकीच्या सौद्यासाठी अमरावतीहून सूर्योदयाच्या सुमारास मोटारसायकलवर अकोल्याकडे निघालेल्या तरुणाला ती पहाट चांगली ठाऊक असते. जून २०२२ मध्ये याच दोन शहरांदरम्यानच्या महामार्गावर ७५ किलोमीटरचा डांबरी पट्टा १०५ तास ३३ मिनिटांत पूर्ण झाला आणि त्याची नोंद गिनीज बुकात झाली. रस्ता उत्तम झाला, साहजिकच वाहनांचा वेगही वाढला. आणि वेगाबरोबर थंडीही वाढते. हवेचे तापमान १० अंश असेल आणि गाडी ताशी ६० किलोमीटरने धावत असेल, तर उघड्या त्वचेला ती हवा सुमारे ५ अंशांसारखी झोंबते. मूर्तिजापूर येईपर्यंत बोटांची जाणीव हरपू लागते.

हा केवळ सुखसोयीचा प्रश्न नाही. थंडीत शरीर छाती-पोटाची ऊब राखण्यासाठी हातापायांकडील रक्तप्रवाह कमी करते. बोटे ताठरतात, ब्रेक आणि क्लच दाबण्यास क्षणभर उशीर होतो. महामार्गावर त्या एका क्षणात गाडी १५-१६ मीटर पुढे गेलेली असते. म्हणून तरुण मुले अलीकडे हँडलला तापणाऱ्या मुठी, म्हणजेच हीटेड ग्रिप, बसवू लागली आहेत. उन्हाळ्याच्या सुट्टीत लेह-लडाखची मोहीम आखणाऱ्यांच्या यादीत तर त्या हमखास असतात. ५,३५९ मीटर उंचीच्या खारदुंग ला खिंडीत मे-जूनमध्येही बर्फ असते. घरोघरी मग एकच संवाद घडतो. मुलगा म्हणतो, “बाबा, फार उपयोगी वस्तू आहे.” वडील म्हणतात, “दोन महिन्यांच्या थंडीसाठी गाडीची वायरिंग कशाला उसवायची?” थोडे बरोबर दोघांचेही असते. निवाडा करायचा तर वहीखाते उघडावे लागते. हे वहीखाते विजेचे आहे.

तापणाऱ्या मुठीची रचना साधी आहे. रबराच्या आत रोधक तारेची जाळी असते. तिच्यातून वीज गेली की ती तापते. घरच्या इस्त्रीचे तत्त्व हेच. दोन्ही मुठी पूर्ण तापवल्या म्हणजे साधारण ३ ते ४ अँपिअर प्रवाह लागतो. १२ व्होल्टला ३.५ अँपिअरने गुणले की ४२ वॅट होतात. पुष्कळ गाड्यांच्या हेडलाइटचा हॅलोजन दिवा ३५ वॅटचा असतो. शिवाय १ एप्रिल २०१७ पासून नव्या दुचाकींचा हेडलाइट इंजिन चालू असेपर्यंत आपोआप पेटलेलाच राहतो. तो खर्च आधीच खाती पडलेला आहे. मुठी बसवणे म्हणजे त्यावर आणखी एका मोठ्या दिव्याचा भार टाकणे होय.

व्यापाऱ्याच्या भाषेत सांगायचे तर इंजिनाबरोबर फिरणारी मॅग्नेट कॉइल ही गाडीची आवक, दिवे, इंडिकेटर, हॉर्न आणि मुठी ही जावक, आणि बॅटरी हे भांडवल. आवक जावकेहून अधिक असेल तर भांडवल शाबूत राहते. मात्र कॉइलची आवक इंजिनाच्या फेऱ्यांवर अवलंबून असते. महामार्गावर ती भरपूर असते. राजकमल चौकातील गर्दीत गाडी मंद गतीने धुगधुगत असताना अगदीच कमी होते. नेमकी तेव्हाच मुठींची जावक बॅटरीतून भागवली जाते. शंभर-सव्वाशे सीसीच्या गाड्यांत बॅटरी बहुधा ३ ते ५ अँपिअर-तासांची, तर साडेतीनशे सीसीच्या गाड्यांत साधारण ८ अँपिअर-तासांची असते. इंजिन बंद ठेवून मुठी चालू राहिल्या, तर ३ अँपिअर-तासांची बॅटरी हिशेबाने तासाभरातच रिकामी होईल. आणि सेल्फ मारण्याची ताकद त्याच्याही बरीच आधी जाईल.

हे खाते तपासण्याचे साधन स्वस्त आहे. वायरमनकडील मल्टिमीटर बॅटरीच्या दोन टोकांना लावावा. इंजिन बंद असताना भरलेली बॅटरी सुमारे १२.६ व्होल्ट दाखवते. इंजिन चालू करून थोडी रेस दिल्यावर साडेतेरा ते साडेचौदाच्या दरम्यान आकडा आला, म्हणजे चार्जिंग सुरू आहे. आता हेडलाइट आणि मुठी दोन्ही चालू ठेवून पुन्हा पाहावे. नेहमीच्या चालीच्या फेऱ्यांनाही आकडा तेराखाली घसरू लागला, तर खाते तुटीत चालले आहे. त्या गाडीला पूर्ण उष्णतेच्या मुठी परवडत नाहीत.

खाते परवडते असे ठरल्यावर जोडणीचा विचार. सर्वाधिक चुका येथेच होतात. घाईतला कारागीर हेडलाइटची वा हॉर्नची तार सोलून तिलाच मुठींची तार पिळून देतो. त्या मूळ तारा आणि त्यांचा स्विच एवढ्या जादा प्रवाहासाठी बनवलेले नसतात. ते तापतात, आवरण वितळते आणि पुढचे सांगणे नको. योग्य मार्ग रिलेचा. व्यापारी घरांत हुंडीचा व्यवहार जुना आहे. हुंडीच्या कागदात रोकड नसते, तो केवळ आदेश असतो. रोकड थेट पेढीतून निघते. रिले तसाच आहे. चावीने चालू होणाऱ्या एखाद्या तारेतून रिलेला अगदी थोडा प्रवाह जातो, तो आदेश. मुठींचा मोठा प्रवाह थेट बॅटरीतून येतो. रिलेच्या ३० क्रमांकाच्या पायाला बॅटरीची धन तार, ८७ ला मुठींची तार, ८६ ला चावीची तार आणि ८५ ला ऋण, अशी ही प्रचलित मांडणी. चावी काढली की आदेश थांबतो आणि मुठीही बंद पडतात; विसरभोळ्या माणसाची बॅटरी वाचते.

बॅटरीच्या धन टोकापासून वीतभर अंतरातच फ्यूज हवा. फ्यूज मुठींसाठी असतो असा अनेकांचा समज आहे. वास्तविक तो तारेच्या रक्षणासाठी असतो. टाकीखाली तार घासून सांगाड्याला टेकली तर फ्यूज वितळून प्रवाह तोडतो. ४ अँपिअरच्या मुठींना निर्मात्याने सांगितलेला, बहुधा ५ ते साडेसात अँपिअरचा फ्यूज पुरतो. तो वारंवार उडतो म्हणून मोठा फ्यूज घालणे किंवा चांदीचा कागद गुंडाळणे म्हणजे दुकानाला कुलूप लागत नाही म्हणून दार उघडे टाकणे. तार निदान १ चौरस मिलिमीटरची असावी, जोड पिळलेले नसून लग दाबून केलेले व स्लीव्हने झाकलेले असावेत. काम सुरू करताना बॅटरीचे ऋण टोक प्रथम सोडावे आणि शेवटी जोडावे. नाहीतर धन टोकावरचा पाना सांगाड्याला लागताच ठिणगी उडते.

याहून गंभीर बाब उजव्या मुठीची. डावी मूठ स्थिर असते. उजवी अॅक्सिलरेटरची असल्याने फिरते आणि तिच्याबरोबर तिची तारही. तार आखूड राहिली किंवा ब्रेकच्या दांड्यात अडकली, तर रेस सोडल्यावरही मूठ परत फिरणार नाही. मूठ आणि स्विचच्या घरामध्ये एक-दोन मिलिमीटर फट राखावी, चिकटवण्याचा पदार्थ त्या फटीत ओघळू देऊ नये. मग मूठ पूर्ण फिरवून सोडावी. ती खटकन मूळ जागी आली पाहिजे. त्यानंतर इंजिन चालू ठेवून हँडल डावी-उजवीकडे टोकापर्यंत वळवावे. इंजिनाचा आवाज तसूभरही बदलता कामा नये. या दोन परीक्षा उत्तीर्ण झाल्याशिवाय गाडी फाटकाबाहेर काढू नये. खरेदीच्या वेळी वॉरंटीचे कागदही वाचावेत. मूळ वायरिंग कापल्यास विजेच्या भागांवरील दावा अडचणीत येऊ शकतो.

आता वडिलांच्या प्रश्नाकडे परतावे. मूठ केवळ तळहात तापवते. बोटांच्या पाठीवर वारा लागतच राहतो. तो अडवण्यासाठी हँडलवरील हँडगार्ड आणि वारा न शिरणारे हातमोजे लागतात, आणि त्यांना विजेचा एक वॅटही लागत नाही. आठवड्यातून एकदा अकोल्याला जाणाऱ्या सव्वाशे सीसीच्या गाडीला बहुधा एवढेच पुरे. रोज पहाटे महामार्ग धरणाऱ्याला, चिखलदऱ्याचा घाट हिवाळ्यात चढणाऱ्याला किंवा लेहची वाट धरणाऱ्याला, गाडीची आवक मोठी असल्यास, मुठी खरोखर उपयोगी आहेत. मात्र तेथेही पूर्ण उष्णता पहिली दहा मिनिटे आणि नंतर निम्मी, हा शिरस्ता ठेवावा.

गावातील जाणत्या वायरमनकडे मुलासोबत वडिलांनीही एकदा जाऊन बसावे. मीटरवरचा आकडा दोघांनी मिळून वाचावा आणि रेसची मूठ वडिलांनी स्वतःच्या हाताने फिरवून सोडून पाहावी. मग मुलगा पहाटे दुकानाच्या कामाला निघाला की घरच्यांना काळजी वाहनांच्या गर्दीची राहील, गाडीच्या वायरिंगची नाही.