कुंपणच शेत खाऊ लागते तेव्हा

गेल्या खरिपाच्या तोंडावरची गोष्ट. नेर तालुक्यातल्या एका गावी सोयाबीनच्या बीजप्रक्रियेचे प्रात्यक्षिक आटोपून निघालो होतो. एका ताईंनी गाडीजवळ गाठले. म्हणाल्या, "साहेब, तुमी औषधाचंच काम करता ना? मंग सांगा, हे इंजेक्शन आता बंद केलं तं चालन का? सहा महिने झाले, मले काहीच त्रास नाही."

मी म्हटले, ताई, माझे औषध कपाशीचे, माणसाचे नाही. पण विचारपूस केली तेव्हा कळले, की त्यांना मल्टिपल स्क्लेरोसिस नावाचा आजार आहे आणि नागपूरच्या डॉक्टरांनी इंटरफेरॉनची सुई सुरू केली आहे. आधी एका डोळ्याने अंधुक दिसू लागले होते. घरच्यांनी म्हटले, फवारणीने झाले. ते आपोआप बरे झाले. पुढे काही महिन्यांनी पायाला मुंग्या आल्या, पाय ओढत चालायची वेळ आली. तेही ओसरले. मग कोणी म्हणे बाहेरची बाधा, कोणी म्हणे कामाचा कंटाळा. एमआरआय होऊन रोगाला नाव मिळेपर्यंत दोन वर्षे गेली.

शेतकरी बंधू-भगिनींनो, शेतीच्या पानावर हा विषय कशाला, असे वाटेल. पण हा आजार बहुधा २० ते ४० या वयात धरतो, म्हणजे ऐन कामाच्या वयात. पुरुषांपेक्षा बायकांना दुपटीहून अधिक होतो. निंदणी, वेचणी, गुराढोरांचे कोणाच्या अंगावर असते ते आपल्याला ठाऊकच आहे.

आजार समजायला मोटारीची केबल डोळ्यासमोर आणा. केबलचे वरचे कव्हर उंदराने कुरतडले की करंट नीट पोचत नाही; मोटार कधी चालते, कधी घरघरते, कधी बसते. आपल्या मेंदूतून आणि मणक्यातून जाणाऱ्या नसांवरही असेच एक वेष्टण असते. शरीराची रोगप्रतिकारशक्ती हे आपले कुंपण. तेच चुकून या वेष्टणावर उलटते. कुंपणानेच शेत खावे, तसा हा प्रकार. नजर अंधुक होणे, हातपाय बधिर होणे, तोल जाणे, लघवीवर ताबा न राहणे, विलक्षण थकवा, ही त्याची लक्षणे. पॅरिसच्या शार्को नावाच्या डॉक्टरांनी १८६८ साली या रोगाची नीट ओळख पटवली. हा स्पर्शाने पसरत नाही. करणी-धरणीचा याच्याशी काडीचा संबंध नाही.

बहुसंख्य रोग्यांत, म्हणजे शंभरातल्या ८५ च्या आसपास लोकांत, तो झटक्याझटक्याने सुरू होतो. एक झटका येतो, काही दिवस-आठवडे राहतो आणि ओसरतो. फसगत होते ती इथेच. माणूस बरा दिसतो, पण प्रत्येक झटका आत थोडी खूण ठेवून जाऊ शकतो, आणि बाहेर काही दिसत नसतानाही आत नवे डाग पडत राहू शकतात.

इंटरफेरॉन हे द्रव्य शास्त्रज्ञांना १९५७ साली लंडनमध्ये सापडले. विषाणूंशी लढताना शरीर ते स्वतःच तयार करते. त्यातले बीटा जातीचे इंटरफेरॉन या रोगावरचे औषध म्हणून अमेरिकेत १९९३ साली मान्य झाले. या रोगाची चाल बदलणारे ते पहिले औषध. त्याचा एक प्रकार जिवाणूत माणसाचे जनुक घालून तयार करतात. आपण २००२ पासून बीटी कपाशी लावतो, तिच्यात जिवाणूचे जनुक आहे. इथे गाडी उलट दिशेने गेली एवढेच. एक प्रकार दिवसाआड कातडीखाली टोचतात, एक आठवड्यातून तीनदा, एक आठवड्यातून एकदा स्नायूत, आणि २०१४ साली आलेला एक प्रकार पंधरवड्याने एकदा.

आता ताईंच्या प्रश्नाकडे येऊ. संत्र्यावर बोर्डो मिश्रण आपण रोग दिसायच्या आधी मारतो. पानावर आधीच पडलेला डाग त्याने पुसला जात नाही, नवा डाग पडायला आडकाठी होते. ही सुई तशीच आहे. तिने रोग मुळापासून जात नाही, गेलेली ताकद परत येत नाही. झटक्यांची संख्या साधारण एक तृतीयांशाने कमी होते आणि पुढचे नुकसान लांबते. त्यामुळे "सहा महिने काहीच त्रास नाही" हे सुई थांबवण्याचे कारण नाही. कदाचित ती लागू पडत असल्याचीच ती खूण असेल. बाग हिरवीगार दिसली म्हणून फवारणी सोडणाऱ्याचे काय होते, ते आपण पाहिलेले आहे. बंद करायची की बदलायची, हे ज्यांनी सुरू केली त्यांनीच ठरवायचे.

सुईचा त्रासही सांगितला पाहिजे, नाहीतर लोक घाबरून मधेच सोडतात. सुरुवातीचे काही आठवडे टोचल्यावर थंडी वाजते, ताप येतो, अंग मोडून येते. म्हणून बहुतेक डॉक्टर रात्री झोपण्यापूर्वी टोचायला आणि सोबत पॅरासिटामॉल घ्यायला सांगतात. टोचलेल्या जागी लाल चट्टा उठतो. जागा दर वेळी बदलावी. लिव्हरची आणि रक्तपेशींची तपासणी सांगितलेल्या वेळी करावी, ती चुकवू नये. दिवस गेले असतील किंवा तसा विचार असेल, तर डॉक्टरांना आधीच सांगावे.

आणखी एक गोष्ट जपायची. या रोगात मन खचते आणि काही जणांत हे औषधही उदासी वाढवू शकते. उदासीची किंमत आपल्या जिल्ह्याला कोणी नव्याने सांगायला नको. माणूस गप्प राहू लागला, जेवण टाकू लागला, जिवाचे बोलू लागला, तर "नखरे" म्हणू नका. त्याच दिवशी डॉक्टरांना कळवा. टेलिमानसचा १४४१६ हा सरकारी फोन फुकट आहे, त्यावर मराठीत बोलता येते.

तिसरी गोष्ट थंडाव्याची. रायझोबियमचे पाकीट बांधावर उन्हात टाकले, की आतले जिवाणू मरतात आणि आपण नुसती माती बियाण्याला चोळतो. इंटरफेरॉनची बहुतेक इंजेक्शने २ ते ८ अंशांत ठेवावी लागतात. काही प्रकार थोडे दिवस २५ अंशांपर्यंत टिकतात, पण मे महिन्यात आपल्या टिनाच्या घरात २५ अंश कुठून आणायचे? फ्रीजच्या दारात किंवा बर्फाच्या कप्प्यात ठेवू नये. गोठले की औषध वाया जाते. नागपूरहून आणताना थर्मासच्या डब्यात थंड पाकिटे ठेवावीत, पण सुई त्यांना चिकटू देऊ नये. लाळ्या-खुरकूताची लस नेणाऱ्याला हे वेगळे सांगावे लागत नाही. वापरलेल्या सुया उकिरड्यावर टाकू नका, त्या खतासोबत वावरात जातात आणि पायात शिरतात. जाड डब्यात साठवून उपकेंद्रात द्या.

इशाराही देतो. एकाची चिठ्ठी दुसऱ्याने वापरू नये. न्यूरोमायलायटिस ऑप्टिका नावाचा एक आजार वरून असाच दिसतो, त्यातही नजर जाते आणि पाय लुळे पडतात. त्यात इंटरफेरॉन दिले तर रोग उलट बळावू शकतो. रक्ताच्या तपासणीने दोन्हींतला फरक बव्हंशी कळतो. म्हणून निदान मेंदूविकार तज्ज्ञाकडूनच व्हावे. आज गोळ्या आणि सलाईनमधून द्यायची याहून जोरकस औषधेही आली आहेत. कोणाला काय द्यायचे ते तज्ज्ञ पाहतील.

फवारणीचेही बोललेच पाहिजे. २०१७ च्या हंगामात विषबाधेने आपल्या जिल्ह्यात विसाच्या वर माणसे गेली. त्यामुळे फवारणीनंतर नजर अंधुक झाली, तर आधी विषबाधा समजून तातडीने दवाखान्यात न्यावे, हे बरोबरच आहे. पण फवारणीला हातही न लावलेल्या तरुण माणसाला एका डोळ्याने दिसेनासे झाले, किंवा बधिरपणा २४ तासांहून जास्त टिकला, तर ते अंगावर काढू नये. झटक्यावर शिरेतून स्टेरॉइड देतात. त्याने झटका लवकर ओसरतो. उन्हाने आणि तापाने या रोग्यांची लक्षणे तात्पुरती वाढतात. अशा बाईला भर दुपारी वेचणीला लावू नये, सकाळचे काम द्यावे.

आता गावच्या कारभाऱ्यांना दोन शब्द. ही सुई महिन्याला हजारो रुपये खाते. अपंगांच्या हक्कांच्या २०१६ च्या कायद्यात २१ प्रकारचे अपंगत्व नोंदले आहे आणि त्यात मल्टिपल स्क्लेरोसिस नावानिशी आहे. तरीही तपासणीच्या दिवशी रोगी चालत आला, की "तुम्हाला काय झालंय?" असे ऐकावे लागते. येणारे-जाणारे दुखणे एका दिवसात दिसत नाही. जुने कागद, एमआरआय, झटक्यांच्या तारखा सोबत न्याव्यात. ग्रामसेवकांनी, म्हणजे आताच्या ग्रामपंचायत अधिकाऱ्यांनी, ऑनलाइन अर्ज भरून द्यायला मदत करावी. ग्रामपंचायतीच्या स्वउत्पन्नातला ५ टक्के निधी दिव्यांगांसाठी आहे. तो मार्चअखेर खुर्च्या वाटून संपवण्यापेक्षा अशा घरी एक छोटा फ्रीज का देता येऊ नये, हे ग्रामसभेत विचारा. वीज जास्त वेळ गेली तर सुई उपकेंद्राच्या किंवा पशुवैद्यकीय दवाखान्याच्या फ्रीजमध्ये वेगळ्या डब्यात ठेवता येईल का, हे संबंधितांनी बसून ठरवावे. त्याला मंत्रालयाचा आदेश लागू नये.

या रोग्यांची एक संस्थाही आहे. मल्टिपल स्क्लेरोसिस सोसायटी ऑफ इंडिया मुंबईत १९८५ साली सुरू झाली. ती उभी करणाऱ्या रहमत फजलभॉय यांना स्वतःलाच हा आजार होता. पुण्यातही तिची शाखा आहे. नेरच्या माणसाने तिथे विचारायला लाजू नये.

त्या ताईंनी नागपूरला फोन केला. डॉक्टरांनी सुई चालू ठेवायला सांगितली. परवा त्याच गावी गेलो, तर त्यांनी विचारले, "साहेब, लाइन गेली की सुई कुठी ठेवू?" याचे उत्तर माझ्या खात्याकडे नाही. ते गावाने द्यायचे आहे, आणि पुढचा उन्हाळा लागण्याआधी द्यायचे आहे.