मुंबई दर्शन : एका तुच्छतेचा समाचार

मराठी साहित्यव्यवहारात काही माणसांची कुचेष्टा करावयास कोणाची परवानगी लागत नाही. मे महिन्याच्या सुट्टीत 'मुंबई बघायला' निघालेले कुटुंब हे त्यांपैकी एक. वडिलांच्या खांद्यावर पाण्याची बाटली, आईच्या पिशवीत दशम्या आणि शेंगदाण्याची चटणी, आत्याच्या हाती छत्री, पोरांच्या तोंडी 'आता कुठे?' हा धोशा. हे चित्र समोर आले की लेखणी आपोआप तिरकी होते. हे लोक शहर 'पाहतात', 'जगत' नाहीत, असा निवाडा दिला जातो. मग जगणारा कोण? तर मध्यरात्री खिशात हात घालून एकटाच भटकणारा कवी. या निवाड्याशी आमचे भांडण आहे.

भांडण नीट व्हावे म्हणून प्रतिपक्षाचे देणे आधी मान्य करतो. भाऊ पाध्ये आणि नामदेव ढसाळ यांनी जी मुंबई मराठीत आणली, ती कोणताही वाटाड्या दाखवीत नाही. अरुण कोलटकरांनी एका उपाहारगृहातील टेबलावरून वर्षानुवर्षे एकच चौक न्याहाळला, आणि त्यातून २००४ साली 'काळा घोडा पोएम्स' हा संग्रह आला. नटांचे बंगले दाखवीत धावणाऱ्या दर्शन-बसमध्ये यातले काही हाती लागत नाही, हेही खरे. तेव्हा आमची तक्रार या थोर लेखकांविषयी नाही. ती त्यांच्या मागून आलेल्या समीक्षेविषयी आहे. तिने पाहण्याच्या एका रीतीला एकमेव अस्सल रीत ठरविले, आणि उरलेल्या सर्वांना 'पर्यटक' म्हणून निकालात काढले.

एकट्याने, निरुद्देश, अपरात्री हिंडणे कोणाला परवडते, हा प्रश्न या समीक्षेला पडत नाही. ते त्या पुरुषाला परवडते, ज्याच्या बोटाला मूल नाही आणि ज्याला घरी कोणी जाब विचारणार नाही. शिल्पा फडके, समीरा खान आणि शिल्पा रानडे यांनी 'व्हाय लॉयटर?' या २०११ सालच्या पुस्तकात मुंबईतील स्त्रियांविषयी हेच दाखवून दिले : स्त्रीने बाहेर असावयाचे तर तिच्यापाशी काम हवे, कारण हवे, नुसते रेंगाळण्याचा हक्क तिला नाही. आमच्या आत्याला विनाकारण बसता येते ते वर्षातून एकदा, गिरगाव चौपाटीच्या वाळूत, सगळे कुटुंब भोवती असताना. तो अर्धा तास तिच्या वाट्याची भटकंती होय. तिला हसणाऱ्याने आधी आपल्या भटकंतीचा खर्च कोण उचलते, ते पाहावे.

शिवाय 'पाहणे' ही क्रिया मराठीत कधीपासून हलकी झाली? गोविंद नारायण माडगांवकर यांचे 'मुंबईचे वर्णन' हे पुस्तक १८६३ सालचे. या शहरावरील मराठी लेखनाचा एक प्रारंभच मुळी थांबून, विचारून, मोजून पाहणाऱ्या माणसाने केला. त्याच्या आदल्याच वर्षी, १८६२ साली, आज राणीची बाग म्हणून ओळखले जाणारे उद्यान लोकांसाठी उघडले. शेजारचे वस्तुसंग्रहालय, जे पुढे डॉ. भाऊ दाजी लाड यांच्या नावाने ओळखले जाऊ लागले, ते १८७२ चे.

याच बागेत आम्ही एकदा मेमध्ये सहकुटुंब गेलो होतो. भायखळ्याला उतरलो आणि घाईला रजा दिली. २०१६ साली सोलहून आणलेले पेंग्विन मुलांनी पाहिले खरे, पण मन रमले ते गोरखचिंचेच्या बुंध्यापाशी, त्याला किती जणांची कवळ लागेल या वादात. मग घारापुरीहून आणलेला दगडी हत्ती पाहिला. ज्या घोड्यावरून त्या प्रसिद्ध चौकाला नाव पडले, तो एडवर्ड राजाचा पुतळाही येथेच आहे. १९६५ साली तो चौकातून हलविला गेला. म्हणजे मूळ काळा घोडा पाहावयाचा तर साहित्यिकालाही या पिशवीवाल्या कुटुंबाच्या मागोमाग राणीच्या बागेतच यावे लागते. ही गोष्ट आम्हांला फार समाधान देऊन गेली.

परंतु दुपार झाली आणि शहराने आपले दुसरे रूप दाखविले. पुढे एका बागेचे फाटक नेमके उन्हाच्या वेळी बंद होते. एका इमारतीच्या पायरीवर आत्या टेकली, तर रखवालदाराने शिटी वाजवून उठविले. बाक होता तेथे सावली नव्हती आणि सावली होती तेथे बाक नव्हता. स्वच्छतागृहाचा शोध हा तर त्या दिवसाचा सर्वांत लांबचा प्रवास ठरला. मुंबईतील स्त्रियांना २०११ साली 'राइट टू पी' नावाची चळवळ का उभारावी लागली, हे समजण्यास त्या दुपारी ग्रंथ वाचावा लागला नाही. आमचे म्हणणे असे की, शहराची खरी परीक्षा हे कुटुंबच घेते. एकट्या भटक्याला शहर कसेही चालते. म्हातारे गुडघे आणि लहान मूल सोबत असले की पदपथाची प्रत्येक तुटलेली लादी बोलू लागते.

आणि ही निवांत दिवसाची चैनसुद्धा महागत चालली आहे. २०१७ साली राणीच्या बागेचे पाच रुपयांचे तिकीट पन्नास रुपये झाले. आईवडील व दोन मुले अशा कुटुंबाला शंभर. घरातून निघणारे कुटुंब मात्र असे मोजून निघत नाही. त्यात आत्या असते, मावसभाऊ असतो. बेस्टचे किमान भाडे मे २०२५ मध्ये पाचाचे दहा झाले. जुन्या दुमजली बसगाड्या सप्टेंबर २०२३ मध्ये रस्त्यावरून गेल्या, आणि पुढच्याच महिन्यात उघड्या छताच्या पर्यटक-बसनेही निरोप घेतला. त्यांच्या जागी आलेल्या विजेवरच्या दुमजली गाड्या वातानुकूलित आहेत, उत्तम आहेत. पण वरच्या मजल्यावर पुढल्या खिडकीत बसून तोंडावर वारा घेण्याचे सुख बंद काचेआड मिळत नाही. २०२४ साली खुला झालेला सागरी किनारा रस्ता मुख्यतः मोटारीतून जाणाऱ्याचा आहे. तेथून समुद्र झरझर मागे पडतो.

निवांतपणा ही उच्चभ्रूंची मिरास नव्हे. शहरात एक दिवस काही न कमावता, फारसे काही न विकत घेता घालविता येणे, हे नागरिकत्वाचे लक्षण आहे. जी समीक्षा या कुटुंबाला हसते, ती नकळत त्या रखवालदाराच्या शिटीत आपली फुंकर मिसळते. दोघांचे म्हणणे एकच : येथे तुमचे काय काम?

त्या संध्याकाळी आम्ही गेटवेवर होतो. १९११ साली राजा येथे उतरला, त्याच्या स्मरणार्थ ही कमान बांधली गेली आणि १९२४ साली पुरी झाली. १९४८ च्या फेब्रुवारीत ब्रिटिश सैन्याची अखेरची तुकडी येथूनच निघून गेली. तेव्हापासून ती चणे खात उभ्या राहणाऱ्यांची आहे. आत्याने कमानीकडे पाहिले, मग पाण्याकडे, आणि चपला काढून कठड्यापाशी बैठक मारली. या वेळी शिटी वाजली नाही. आम्हीही बसलो, आणि शेवटची दशमी तिथे संपविली.