कायथ्याचा कोरा थर

सिंहस्थ २०२८च्या तयारीने आपल्या उज्जैनमध्ये खोदकामाला वेग आला आहे. नानाखेड्यात राहणाऱ्या आपणा सर्वांना नवे रस्ते, वसाहतींचे पाये आणि मातीने भरलेले डंपर रोजच दिसतात. सोयी हव्यातच, त्याविषयी आमची तक्रार नाही. पण त्या मातीबरोबर आणखी काय वाहून जाते, हा प्रश्न विचारायला हवा.

डिसेंबर २०२०मध्ये महाकाल मंदिराच्या विस्ताराच्या वेळी परमारकालीन मंदिराचे अवशेष निघाले. काम थांबले, पुरातत्त्व खात्याचे लोक आले. तिथे कोरीव दगड होते, म्हणून ते कोणालाही ओळखू आले. त्याहून जुन्या वस्त्यांचे तसे नसते. मातीची घरे मातीत मिसळतात आणि मागे उरते पांढरीचे टेकाड, थोड्या खापऱ्या, थोडी राख. यंत्र चालवणाऱ्याच्या दृष्टीने तो भरावासाठी आयता ढिगारा!

असेच एक ठिकाण उज्जैनपासून सुमारे २५ किलोमीटरवर, छोट्या काली सिंधच्या काठी आहे. ते म्हणजे कायथा. वराहमिहिराचे कपित्थक ते हेच, असे मानले जाते. आपले डॉ. वि. श्री. वाकणकर यांनी १९६५ ते १९६७ या काळात तिथे उत्खनन केले. पुढे १९६८मध्ये पुण्याच्या डेक्कन कॉलेजचे झै. दा. अन्सारी आणि म. के. ढवळीकर यांनी तिथेच काम केले. सुमारे सव्वाचार हजार वर्षांपूर्वीची वस्ती उजेडात आली. साच्यात ओतलेल्या तांब्याच्या कुऱ्हाडी, तांब्याच्या बांगड्या, अकीक मण्यांच्या माळा आणि एकाच भांड्यात सुमारे ४० हजार बारीक मणी मिळाले. माळव्यातल्या या सर्वांत जुन्या शेतकरी संस्कृतीला ‘कायथा’ हेच नाव पडले.

पण आम्हाला त्या मण्यांइतकाच महत्त्वाचा वाटतो तो तिथला एक कोरा थर. कायथा लोकांच्या वस्तीनंतर एक थर नुसत्या मातीचा लागतो. त्यात ना चूल, ना खापर. त्याच्या वर राजस्थानातल्या आहाडशी नाते सांगणारी भांडी येतात आणि त्यानंतर माळवा संस्कृतीची. म्हणजे मधल्या काळात गाव ओसाड पडले होते. बाजारात ज्याला कवडीची किंमत नाही अशा मातीने ही गोष्ट सांगितली. जेसीबीच्या एका फटकाऱ्यात वरचे खाली झाले असते, तर बांगड्या कदाचित हाती लागल्या असत्या, पण ही गोष्ट कायमची गेली असती.

ही गोष्ट आपल्याही घरची आहे. शिंद्यांच्या फौजांबरोबर आपले पूर्वज अठराव्या शतकात माळव्यात आले, असे आपण मुलांना सांगतो. पण पुणे जिल्ह्यातल्या इनामगावी घोड नदीकाठी जे पहिले शेतकरी वसले, साधारण इ.स.पू. १६००च्या सुमारास, त्यांची भांडी माळवा संस्कृतीची आहेत. नर्मदा ओलांडणारी वाट आपल्या पूर्वजांच्याही फार आधीपासून वाहती होती.

मग कायदा काय करतो? १८७८च्या निखात निधी कायद्याप्रमाणे जमिनीत दहा रुपयांपेक्षा अधिक किमतीची पुरलेली वस्तू सापडल्यास जिल्हाधिकाऱ्यांना कळवावे लागते. केंद्राच्या संरक्षित स्मारकाभोवती १०० मीटरपर्यंत बांधकामाला बंदी आहे आणि त्यापुढील २०० मीटरपर्यंत परवानगी लागते. म्हणजे एक कायदा किंमत पाहतो, दुसरा यादी पाहतो. यादीत नसलेल्या टेकाडावरची बिनमोलाची खापरी दोन्हींतून निसटते. म्हणून मोठ्या कामांआधी, निदान जिथून माती उचलायची तिथली, जाणकारांकडून पाहणी व्हावी, अशी मागणी आपण नागरिकांनीच करायला हवी.

घरच्या पातळीवरही थोडे करता येईल. पाया खणताना खापऱ्या, हाडे किंवा राखेचा पट्टा दिसला, तर हात थांबवावा. वस्तू उचलण्याआधी जागेवरच फोटो घ्यावा, खोली मोजून ठेवावी आणि पुरातत्त्व विभागाला कळवावे. एक दिवसाचा खोळंबा होईल, तो सोसावा. आणि या सुट्टीत मुलांना विक्रम विद्यापीठाचे पुरातत्त्व संग्रहालय जरूर दाखवावे. वाकणकरांनी हयात घालवली ती याच मातीसाठी. ती निदान आपल्या अंगणातून तरी न पाहता जाऊ नये.