रोजा सोडायची वेळ कोण सांगणार?

चांद्र वर्ष सौर वर्षापेक्षा सुमारे 11 दिवसांनी लहान असते. त्यामुळे रमजान दरवर्षी थोडा अलीकडे सरकतो आणि साधारण 33 वर्षांत सगळे ऋतू फिरून पुन्हा जुन्या जागी येतो. 1993 मध्ये तो फेब्रुवारी-मार्चमध्ये आला होता, 2026 मध्ये पुन्हा तिथेच आला. इस्लामपूरच्या ज्या पोराने तेव्हा पहिला रोजा धरला, तो आज चाळिशी ओलांडलेला बाप आहे. बाहेर शिवारात तोच हंगाम आहे, उसाची शेवटची वाहने तशीच कारखान्याकडे चालली आहेत. बदलली आहे ती वेळ कळण्याची रीत.

तेव्हा सहरीला उठवायला फकीर डफ घेऊन गल्लीतून फिरत. ईदच्या दिवशी तेच दारात येत आणि घरोघरचे लोक त्यांच्या झोळीत काहीतरी टाकत. संध्याकाळी मशिदीजवळ पोरे कान देऊन उभी राहत आणि अजानचा पहिला शब्द कानावर पडताच ‘अजान झाली’ म्हणत घराकडे पळत सुटत. त्या पळण्यातच निम्मा रोजा सुटे. मगरिबची वेळ आणि शेजारच्या घरात देवापुढे दिवा लावण्याची वेळ जवळजवळ एकच. दोन्ही सूर्य मावळण्याशी बांधलेल्या. त्यामुळे मिश्र वस्तीच्या गल्लीत अजान ऐकून शेजारची काकू वातीला काडी लावी, आणि एखाद्या दिवशी आवाज नीट आला नाही, तर तिच्या खिडकीतला दिवा बघून वेळ झाल्याचा अंदाज घेतला जाई. ईदच्या चंद्राचे तर विचारूच नका. आकाश ढगाळ असले की लोक आकाशवाणीला कान लावून बसत, कुणीतरी एसटीडी बूथवर जाऊन कोल्हापूरला, नाहीतर मुंबईला फोन लावी आणि शिंप्याच्या दुकानात रात्रभर मशीन चाले.

या आठवणी काढणाऱ्यांनी एक गोष्ट विसरू नये. मशिदीवरचा कर्णासुद्धा एकेकाळी नवेच यंत्र होता. गेल्या शतकात तो आला तेव्हा नमाजात त्याचा आवाज चालेल का, यावर खुद्द उलेमांमध्ये वाद झाले. हजरत बिलाल यांनी दिलेली अजान माणसाच्या गळ्यातून निघालेली होती. निवासी भागात दिवसा 55 आणि रात्री 45 डेसिबलची मर्यादा घालणारे नियम 2000 सालचे आहेत. जानेवारी 2025 मध्ये मुंबई उच्च न्यायालयाने ध्वनिक्षेपक हा धर्माचा अत्यावश्यक भाग नसल्याचे स्पष्ट केले. हे मान्य करायला जड जाऊ नये. दहावी-बारावीच्या परीक्षा याच दिवसांत असतात, प्रत्येक गल्लीत एखादा आजारी माणूस असतो. नियम मात्र मशिदीला एक, मिरवणुकीला दुसरा आणि वरातीतल्या डीजेला तिसरा असे नसावेत, एवढेच. मुंबईतल्या काही मशिदींनी त्याच वर्षी अजान थेट मोबाईलवर ऐकवणारे अ‍ॅप वापरायला सुरुवात केली.

मोबाईलने वेळ अचूक केली, यात शंका नाही. रेखांशाच्या प्रत्येक अंशाला सूर्याच्या वेळेत 4 मिनिटांचा फरक पडतो. इस्लामपूर मुंबईच्या पूर्वेला जवळजवळ दीड अंश आहे, म्हणजे इथला सूर्य मार्चमध्ये तिथल्यापेक्षा पाचएक मिनिटे आधी मावळतो. मुंबईचे वेळापत्रक पाहून रोजा सोडणारा रोज तेवढा वेळ उगाच उपाशी राहतो. अ‍ॅप ते गावानुसार सांगते. (शहराचे नाव ईश्वरपूर करण्याचा निर्णय जुलै 2025 मध्ये विधानसभेत जाहीर झाला. सूर्य मावळायची वेळ दोन्ही नावांना एकच आहे.) पण पहाटेचे गणित तितके सोपे नाही. सूर्य क्षितिजाच्या 18 अंश खाली असताना फजर धरायची की 15 अंश, हे अ‍ॅपच्या सेटिंगवर ठरते आणि या भागात त्यामुळे 12 मिनिटांच्या आसपास फरक पडतो. मग एकाच घरात दोन भावांच्या दोन फोनवर सहरी दोन वेळांना संपते. एक पाणी पीत असतो आणि दुसरा त्याच्याकडे संशयाने बघत असतो. शेवटी दारामागे टांगलेले मशिदीचे छापील कार्डच बघावे लागते.

खरे नुकसान या 12 मिनिटांचे नाही. फोन ज्याचा त्यालाच वेळ सांगतो. शेजाऱ्याला आज कितवा रोजा, हे आता कळत नाही. त्याला कळावे म्हणून कुणी काही करतही नाही. आणि ज्या फोनने शेजारी दूर केला, तोच फोन शेजाऱ्याविषयी भलतेसलते आणून देतो. 7 जून 2023 ला कोल्हापुरात मोबाईलवरच्या स्टेटसवरून दगडफेक झाली आणि इंटरनेट बंद करावे लागले. त्याच वर्षी 10 सप्टेंबरच्या रात्री सातारा जिल्ह्यातल्या पुसेसावळीत समाजमाध्यमावरच्या मजकुरावरून जमाव मशिदीवर चालून गेला आणि एका तरुणाचा जीव गेला. पुसेसावळी काही परदेशात नाही. इस्लामपुरातल्या कितीतरी घरांची सोयरीक त्या भागात आहे. शेजाऱ्याला विचारून खात्री करण्याची सवय शाबूत असती, तर त्या रात्री काय झाले असते, हा प्रश्न दोन्ही समाजांनी स्वतःला विचारायचा आहे.

याच सांगली जिल्ह्यात, कडेगाव तालुक्यातल्या मोहित्यांचे वडगावने याच्या नेमके उलटे करून दाखवले. करोनाच्या काळात ऑनलाइन शाळेमुळे पोरांच्या हाती फोन गेला, तो सुटेना. 2022 मध्ये गावाने एकत्र बसून ठरवले की रोज संध्याकाळी 7 वाजता भैरवनाथाच्या मंदिरावरचा भोंगा वाजेल आणि साडेआठपर्यंत घराघरातले टीव्ही आणि मोबाईल बंद राहतील. सुरुवातीला लोक हसले. मग अंगणवाडी सेविका, आशा कार्यकर्त्या घरोघरी फिरल्या. पोरे अभ्यासाला बसू लागली, मोठी माणसे वाचू-बोलू लागली. ज्या भोंग्यावरून राज्यात एवढे राजकारण झाले, त्याचा असाही उपयोग होतो.

इस्लामपूरला भोंग्याची गरज नाही. मगरिबची वेळ रोज आपोआप येते. इफ्तारपासून तरावीहला निघेपर्यंत तासाभराचा अवधी असतो. तेवढा वेळ घरातले सगळे फोन एका परातीत ठेवता येतील. मशिदीचे वेळापत्रक शेजारच्या दोन घरांत, कोपऱ्यावरच्या चहाच्या गाड्यावर नेऊन देता येईल, म्हणजे आज रोजा किती वाजता सुटणार, हे विचारायला कुणाला अ‍ॅप लागणार नाही. खजुराची आणि भज्यांची बशी शेजारी न्यायला पोरांना धाडावे, निरोप तोंडी सांगायला लावावा. ईद उद्या की परवा, हेही स्टेटसवर टाकण्याआधी दारात जाऊन सांगता येते. ज्या काकूच्या खिडकीतला दिवा पाहून कधी रोजा सुटला, तिची सून आता त्या घरात आहे. तिला हे सगळे नव्याने सांगावे लागेल.

वडगावचा भोंगा 7 ला वाजतो. मार्चमध्ये इस्लामपूरचा सूर्य 6.40 च्या सुमारास मावळतो. इथे मगरिबची नमाज आटोपून माणसे मशिदीच्या पायऱ्या उतरत असतात, तेव्हाच तिथे फोन बंद होत असतात.