विक्रीपत्रात उरलेली गावे

नागपुरात ज्यांचे स्वतःचे घर आहे, त्यांनी एखाद्या रविवारी कपाटातले विक्रीपत्र काढून निवांतपणे वाचावे. आपण पत्ता सांगतो रामदासपेठ, आणि कागद म्हणतो मौजा लेंड्रा. आपण म्हणतो त्रिमूर्तीनगर, कागद म्हणतो मौजा भामटी. बँकेच्या नोकरीत घरकर्जाची प्रकरणे तपासताना असे कितीतरी मौजे माझ्या नजरेखालून गेले: खामला, जयताळा, मानेवाडा, वाठोडा, इंदोरा. पटवारी हलका नंबर, खसरा नंबर, चतुःसीमा. कर्ज मागणाऱ्याला त्यात काडीचाही रस नसे. त्याला हप्ता किती बसेल, एवढेच हवे असे.

तसे पाहिले तर नागपूर हे शहरच मुळी गावे जोडून झालेले. देवगडचा गोंड राजा बख्त बुलंद शहा याने १७०२ साली ‘राजापूर बारसा’ म्हणून ओळखल्या जाणाऱ्या बारा वाड्या एकत्र केल्या आणि शहर वसवले. चांद सुलतानाने राजधानी इथे आणली, कोट बांधला, तलाव केला. पुढे भोसले आले, इंग्रज आले, १८६४ साली नगरपालिका आली.

आता गाव शहरात जाते ते राजाज्ञेने नव्हे, ले-आउटच्या वाटेने. शेतात एक दिवस चुन्याच्या रेषा दिसतात, मग सोसायटीचा फलक लागतो. मंजुरीचे नंतर पाहू! ‘५७२’ आणि ‘१९००’ एवढे नुसते आकडे उच्चारले तरी नागपूरकराला अनधिकृत ले-आउट आठवतात. त्यासाठी २००१ साली गुंठेवारीचा कायदा करावा लागला. सर्वांत शेवटी येते महापालिका. हुडकेश्वर आणि नरसाळा २०१३ मध्ये अशीच तिच्या हद्दीत गेली.

गावकऱ्यांना हे नको असते, असे समजण्याचे कारण नाही. नळ हवा असतो, नाली हवी असते. दोन एकर विकून मुलाला इंजिनिअर केलेले बाप मी पाहिले आहेत. गावाच्या आठवणीने गळा काढणारे आपण बहुतेक शहरातच राहतो, हेही खरेच. पण ज्या दिवशी गाव महापालिकेत जाते, त्या दिवशी तिथली ग्रामसभा संपते. गावाच्या सामाईक गोष्टींबद्दल बोलण्याची ती एकमेव हक्काची जागा होती. गाव एखाद्या प्रभागाचा कोपरा होऊन बसते.

या सामाईक गोष्टींची आपल्या विदर्भात लेखी नोंद असते. मालगुजारीच्या काळापासूनची ही रीत १९६६ च्या महाराष्ट्र जमीन महसूल संहितेनेही राखली. गुरे कुठे चारायची, जळण कुठून आणायचे, मुरूम-माती कुठली काढायची, हे निस्तार पत्रकात. पाण्याची, वहिवाटीची, मासेमारीची रूढी वाजिब-उल-अर्जमध्ये. गावाच्या मालमत्तेचे खातेवहीच म्हणा ना. वैयक्तिक सातबारा सगळे सांभाळतात, कारण त्यावर कर्ज मिळते. निस्तारावर कोणती बँक कर्ज देईल? म्हणून आखराची जागा, पांदण, बोडी आधी जाते. पांदण बुजली की चार शेते मागे अडकतात आणि ती स्वस्तात विकावी लागतात. हे मी कागदांवर वारंवार पाहिले आहे.

माझे खापा कन्हानच्या काठावरचे, कोष्ट्यांच्या मागांचे गाव. इथे १८६७ सालापासून नगरपालिका आहे. त्यामुळे आम्ही स्वतःला गाव म्हणवून घेत नाही, आणि नागपूरवाले शहर मानत नाहीत. कन्हान इथून पुढे कामठीकडे जाते आणि तिचे पाणी नागपूर पिते. शहर अजून आमच्या वेशीवर आलेले नाही. मात्र २०१७ साली स्थापन झालेल्या महानगर प्रदेश विकास प्राधिकरणाच्या हद्दीत सातशेवर गावे आहेत, सावनेर तालुक्यातलीही आहेत. ही गावे आज ना उद्या कुठल्यातरी आराखड्यात रंगवली जाणारच.

आराखडा प्रसिद्ध झाला की हरकतींसाठी ठरावीक मुदत मिळते. त्याआधीच प्रत्येक ग्रामपंचायतीने आपले निस्तार पत्रक आणि वाजिब-उल-अर्ज यांच्या नकला तहसीलमधून काढून घ्याव्यात, आणि नकाशा समोर ठेवून आपली बोडी, पांदण, आखर, स्मशान एकेक करून त्यावर शोधावे. जे सापडणार नाही, त्याची हरकत खसरा नंबरासह लेखी द्यावी आणि पोच घ्यावी.