नकाशावरचे बाण कोणत्या रंगाचे?

इतिहासाच्या माहितीपटात लढाई आली की नकाशा येतो आणि नकाशावर बाण धावू लागतात. एका बाजूचे भगवे, दुसऱ्या बाजूचे हिरवे. मागे नगारे वाजतात. असे वीस-वीस मिनिटांचे व्हिडिओ आमची मुले रोज मोबाईलवर पाहतात. मी उर्दू आणि मराठी शिकवते, इतिहास माझा विषय नाही. तरी मराठीच्या पाठात एखाद्या किल्ल्याचे नाव आले की अर्ध्या वर्गाला त्याची 'स्टोरी' आधीच पाठ असते. मुले इतिहास पाहतात याचा मला आनंद आहे. माझी तक्रार त्या दोन रंगांबद्दल आहे.

आमच्या द्रोणागिरीपासून फार लांब नसलेली एक लढाई घेऊ, खांदेरीची. मुंबई बंदराच्या तोंडाशी, थळच्या समोर असलेल्या या बेटावर शिवाजी महाराजांनी १६७९ च्या पावसाळ्यात किल्ल्याचे काम सुरू केले. मुंबईच्या इंग्रजांना आपला गळा दाबला जातोय असे वाटले आणि त्यांनी जहाजे पाठवली. पुढे जंजिऱ्याचा सिद्दी कासीम आपले आरमार घेऊन इंग्रजांच्या मदतीला आला. सिद्दी तेव्हा मोगलांच्या चाकरीत होता. त्याने १६८० च्या जानेवारीत शेजारचे उंदेरी बेट ताब्यात घेऊन तिथे आपली तटबंदी सुरू केली. या सगळ्यांशी मराठ्यांच्या बाजूने लढणारा आरमाराचा एक प्रमुख सरदार कोण होता? दौलतखान.

आता या नकाशावर बाण रंगवून दाखवा! इंग्रजांच्या बाणाला कोणता रंग देणार? दौलतखानाच्या गुराबांना कोणता?

बरे, लढाईचे खरे मर्म बाणांत नव्हतेच. इंग्रजांची जहाजे मोठी होती, तोफाही जास्त होत्या, पण वारा पडला की ती जागची हलत नसत. मराठ्यांच्या लहान होड्या रात्रीच्या अंधारात वल्ही मारत, उथळ पाण्यातून निसटून बेटावर सामान पोचवत राहिल्या. किल्ला उभा राहिला तो या फेऱ्यांवर. करंज्याच्या कोळ्याच्या पोराला हे एका वाक्यात कळते. वारा, भरती-ओहोटी, खडक कुठे आणि खोल पाणी कुठे, हे त्याच्या घरातले विषय आहेत. पण व्हिडिओत त्याला काय दिसते? संगणकाने काढलेली युरोपियन सिनेमातली जहाजे, समुद्रभर आगीचे लोळ आणि 'धर्मयुद्ध' हा शब्द. २०२५ च्या जुलैमध्ये युनेस्कोने मराठ्यांच्या बारा किल्ल्यांना जागतिक वारशाचा मान दिला, त्यात खांदेरी आहे. आता तिथे आणखी कॅमेरे जातील. म्हणून हे आताच बोललेले बरे.

असाच एक व्हिडिओ पाहून आलेल्या सहावीतल्या मुलाने मला विचारले होते, "मॅडम, यात आपण कोण?" त्याच्या प्रश्नात वाईट काही नव्हते. क्रिकेट पाहताना आपण विचारतो तसेच त्याने विचारले. पण समोर दोनच रंग असतील तर अकरा वर्षांचे मूल स्वतःला कुठल्यातरी एकात बसवणारच. मग एक मूल हिरव्या बाणाबरोबर खाली मान घालते आणि त्याच्याच बाकावरचे दुसरे भगव्या बाणाबरोबर छाती फुगवते. दोघांचेही आजे-पणजे त्या लढाईत बहुधा नव्हतेच. ते भात लावत होते, मीठ पिकवत होते आणि कुणाचेही आरमार किनाऱ्यावर उतरले की पळत होते.

यावर आपल्याकडचे उत्तर ठरलेले आहे. महाराजांच्या पदरी असलेल्या मुसलमानांची यादी. व्हॉट्सॲपवर ती दर शिवजयंतीला फिरते. दौलतखान त्यात असतो, सिद्दी हिलाल असतो, काझी हैदर असतो. यादीतला हेतू मला समजतो, पण ती वाचताना मन खट्टू होते. कुणीतरी दाखला मागितला आणि आपण घाईघाईने खिशातून काढून दिला, असा तिचा सूर असतो. शिवाय माणसे यादीत मावत नाहीत. काझी हैदर महाराजांच्या दरबारात फारसी पत्रव्यवहार पाहत असे. संभाजी महाराजांच्या काळात तो औरंगजेबाकडे गेला आणि पुढे मोगल साम्राज्याचा मुख्य काझी झाला. मग त्याला कुठल्या यादीत घालायचे? त्या काळात मराठे सरदारही मोगलांकडे जात आणि परत येत. चाकरी, वतन, रुसवा, भीती, निष्ठा या सगळ्यांचे मिळून आयुष्य बनते. एक तासाच्या माहितीपटाला एवढे सांगायला पाच मिनिटे पुरतात.

उलट बाजूही सांगते. सिद्दीच्या स्वाऱ्यांनी कोकण किनाऱ्यावरची गावे लुटली, जाळली, माणसे धरून नेली. हे दाखवायला नको असे कुणी म्हणत असेल तर मी त्याच्या बाजूची नाही. दाखवा. फक्त ते सिद्दीने केले असे दाखवा, माझ्या वर्गातल्या मुलाने नव्हे.

माझी दुसरी अपेक्षा जास्त साधी आहे. 'हे आम्हाला कुठून कळले' एवढे पडद्यावर सांगा. खांदेरीच्या लढाईतले बरेचसे तपशील मुंबई आणि सुरतेच्या इंग्रजांच्या पत्रांतून येतात, म्हणजे एका पक्षाच्या लेखणीतून. पानिपत तर याहून मजेदार आहे. १४ जानेवारी १७६१ ला मराठ्यांच्या तोफा इब्राहिमखान गारद्याच्या हाताखाली होत्या, हे आता बहुतेकांना माहीत असते. पण त्या लढाईची जी हकीकत सगळे जण वापरतात, ती काशिराज पंडितांची. ते अब्दालीच्या बाजूने उभ्या असलेल्या शुजाउद्दौल्याच्या चाकरीत होते आणि त्यांनी ती फारसीत लिहिली. उर्दू शिकणाऱ्या मुलाला मी एवढे सांगितले की त्याचे कान टवकारतात. आपली लिपी पानिपतात मराठ्यांची गोष्ट सांगत होती, हे त्याला कुणी सांगितलेलेच नसते.

प्राचीन काळाचेही तसेच. मोऱ्याच्या धक्क्यावरून समोर घारापुरी दिसते. दुसऱ्या पुलकेशीने शेकडो नौका घेऊन 'पुरी' या नगरीवर हल्ला केला, असे रविकीर्तीच्या ऐहोळे येथील शिलालेखात आहे. तो लेख इ. स. ६३४ चा. ती पुरी म्हणजे घारापुरीच, असे काही अभ्यासक म्हणतात, काही तिला दंडा-राजपुरीकडे नेतात. शिवाय लेख ही विजेत्याच्या दरबारी कवीने केलेली स्तुती आहे. माहितीपटवाल्यांना हा वाद अडचणीचा वाटतो. मला वाटते, मुले जागी राहतील ती इथेच.

माझ्या लहानपणी, १९८८ च्या सुमारास, दूरदर्शनवर श्याम बेनेगलांची 'भारत एक खोज' लागायची. ५३ भागांची ती मालिका. तिच्यात महाराजांची भूमिका नसीरुद्दीन शाह यांनी केली आणि औरंगजेबाची ओम पुरी यांनी. आमच्या घरात यावर कुणी चकार शब्द काढला नाही, शेजारीही नाही. आज अशी निवड झाली तर काय होईल, याची कल्पना वाचकांनीच करावी.

आणि निर्णायक वळणे शोधायला सतराव्या शतकातच जायला हवे असे थोडेच आहे? आम्ही राहतो ते द्रोणागिरीच मुळी अशा एका वळणावर वसले आहे. सिडको १९७० मध्ये आली आणि गावोगावची शेते, मिठागरे संपादनात गेली. रास्त मोबदल्यासाठी दि. बा. पाटलांच्या नेतृत्वाखाली शेतकरी उठले. १६ आणि १७ जानेवारी १९८४ ला जासई-नवघर परिसरात पोलिसांच्या गोळीबारात पाच जण हुतात्मा झाले. साडेबारा टक्के विकसित भूखंड परत देण्याची योजना त्या लढ्यातून आली. आमच्या अनेक इमारती अशाच भूखंडांवर उभ्या आहेत. त्यांत भाड्याने राहणाऱ्या मुलांना पानिपतातले तोफांचे आकडे तोंडपाठ असतात, पण जासईचे नाव फक्त बसच्या पाटीवर वाचलेले असते.

ब्रिटनमध्ये १९७३ साली 'द वर्ल्ड ॲट वॉर' ही २६ भागांची मालिका झाली, तेव्हा दुसरे महायुद्ध संपून २८ वर्षे झाली होती. तिचे बळ होते ते कॅमेऱ्यासमोर बसून बोलणाऱ्या माणसांत, दोन्ही बाजूंच्या. जासईला चाळीसहून अधिक वर्षे होऊन गेली. तेव्हा विशीत असलेले आता साठी ओलांडून गेले. अजून ते नाक्यावर भेटतात, मासळी घेताना भेटतात, जुम्याच्या नमाजनंतरच्या चहालाही भेटतात. मोबाईल सगळ्यांच्या हातात आहे. आठवी-नववीच्या मुलांना मी यंदा हेच काम देणार आहे. आपल्या इमारतीच्या जागी आधी काय होते, ते शेत कुणाचे होते आणि त्या जानेवारीत तुम्ही कुठे होतात, एवढे तीन प्रश्न. मागे संगीत लावायचे नाही, हीच एक अट. आणि त्या दिवशी बंदोबस्ताला असलेला एखादा निवृत्त हवालदार भेटला, तर त्यालाही विचारायचे.