द्राक्षं बोटीवर चढली, पैशाचं काय?

बागायतदार बंधूंनो, किलोला भाव काय, हे तुम्ही निर्यातदाराला दहादा विचारता. पण तिकडचा पैसा कोणत्या वाटेनं येणार, हे किती जण विचारतात? नाशिक-सांगलीची द्राक्षं युरोपला जाऊ लागून तीसहून जास्त वर्षं झाली, तरी हा प्रश्न बांधावर निघत नाही. पाणी मुरतं ते तिथंच.

वाटा चार. ग्राहक आगाऊ पैसे धाडतो, ही पहिली. असा भेटला तर नशीबच. दुसरी एलसी, म्हणजे पतपत्र. कागदपत्रं ठरल्याप्रमाणे आली की पैसे देतो, असं ग्राहकाची बँक लिहून देते. ध्यानात ठेवा, बँक द्राक्षं बघत नाही, कागद बघते. बोटीची पावती, बीजक, रोग-कीडमुक्तीचा दाखला, यात कुठं तफावत निघाली की पैसे अडले. तिसरी आपल्या जुन्या हुंडीसारखी. आपली बँक त्याच्या बँकेकडे कागद पाठवते, त्यानं पैसे भरून सोडवायचे. नाही सोडवले तर माल तिकडच्या बंदरात पडून.

चौथी वाट कन्साइनमेंटची, आणि ताजी द्राक्षं बरीचशी हिनंच जातात. ही सरळसरळ आडत आहे! माल तिकडं विकायचा, मग कमिशन, शीतगृहाचं भाडं, खराब मालाची तूट कापून पट्टी यायची. बाजार समितीतली पट्टी निदान समोर बसून वाचता येते. रॉटरडॅमची कोण वाचणार?

त्यात आणखी एक गंमत. निर्यातदाराला माल भरण्याआधी बँक पॅकिंग क्रेडिट देते, पण व्याज लावून. तुमचा माल तो उधारीवर नेतो तेव्हा त्याची बिनव्याजी बँक तुम्हीच. छाटणीपासूनची औषधं, मजुरी, सोसायटीचं कर्ज सगळं तुमच्या डोक्यावर.

२०१० साली क्लोरमेक्वाटच्या अंशावरून युरोपच्या बंदरात कंटेनर अडकले, त्याची झळ बागेपर्यंत आली. विमा असतो की, असं कुणी म्हणेल. असतो. १९५७ साली निघालेली ईसीजीसी ही सरकारी कंपनी ग्राहक बुडाला किंवा त्यानं पैसे थकवले तर भरपाई देते. पण मालाच्या दर्जावरून वाद निघाला, तर ग्राहकाच्या देशातल्या कोर्टात निकाल लागेपर्यंत सहसा हात वर. शिवाय तो विमा निर्यातदाराचा, तुमचा नव्हे.

म्हणून खुडा सुरू होण्याआधी कागद करा. भाव, उचल किती, बाकी किती दिवसांत, माल नाकारला तर तोटा कुणाचा, एवढं तरी लिहून घ्या. सोसायटीचे सचिव आणि ग्रामसेवक मंडळींनाही सांगणं आहे : बागेच्या निर्यात नोंदणीसाठी सातबारा घेऊन शेतकरी येतो, तेव्हाच त्याला करारनाम्याचं विचारा. एक नमुना कार्यालयात लावून ठेवायला काय हरकत आहे?

पुढच्या तारखेचा चेक घेतला असेल, तर त्यावरच्या तारखेपासून तीन महिन्यांच्या आत बँकेत भरा. न वटता परत आला, तर बँकेनं कळवल्यापासून तीस दिवसांत लेखी नोटीस गेली पाहिजे. ‘शेठ देतो म्हणालेत’ म्हणून थांबलात तर ती मुदत निघून जाते.